जुनी थार, काळं रान आणि तीन इंची लिफ्ट: आधी काय करायचं?

माळरान_१३
गाडी थार सीआरडीई, फोर बाय फोर, २०१६ ची, ९२,००० किमी, दुसरा मालक, एमएच-१३ म्हणजे सोलापूर पासिंग. टायर कंपनीच्याच मापाचे, २३५/७० आर १६, पण पार गोटा झालेत. वापर असा: महिन्यातनं दोनदा सांगोल्याकडचा मुरमाड माळ, मंगळवेढ्याकडच्या पाणंदी, पावसाळ्यात ओढे. बाकीचे दिवस शहरातच, सात रस्ता ते होटगी रोड.
एका दुकानातनं पॅकेज सांगितलंय: तीन इंच लिफ्ट (सस्पेन्शन बदलून गाडी उंच करणं), ३१ इंची एमटी म्हणजे चिखलाचे टायर, पुढं लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी दोरानं ओढणारी मोटर). माझं बजेट दीड लाख. जाणकारांनी सांगा, यातलं काय घ्यावं आणि कुठल्या क्रमानं?

पाना_बावीस
मालक, क्रम पुरता उलटा सांगितलाय तुम्हाला. लिफ्ट सगळ्यात शेवटी, तीही लागली तर. ९२ हजार चाललेल्या गाडीवर आधी खालनं हात फिरवायचा. गाडी रॅम्पवर घ्या आणि हे बघा.

चॅसिस: पाट्यांचे हँगर, शॅकलचे ब्रॅकेट, टॉर्शन बारचं (पुढच्या चाकांना स्प्रिंगचं काम करणारी, पीळ घेणारी सळई) मागचं टोक जिथं बसतं तो क्रॉस मेंबर आणि शॉकअपचे माउंट. तारेच्या ब्रशनं माती काढून बघा, नुसतं पाणी मारून उपयोग नाही. केसासारखी रेघ आणि तिच्या कडेनं गंजाची लाली दिसली की तडा समजा. नवा रंग मारलेला तुकडा दिसला तर तिथं जास्त वेळ थांबा.

पुढची बाजू: चाक हवेत उचला. वर-खाली धरून हलवलं आणि खेळ आला तर बॉल जॉइंट नाहीतर हब बेअरिंग. डावं-उजवं धरून आला तर टायरॉड एन्ड. एका माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर जॉइंट.

फोर बाय फोर चालतंय का हे लिव्हर पडला म्हणून ठरत नाही. पुढची दोन्ही चाकं उचला, मागं लाकडी ठोकळे लावा, इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये, लिव्हर फोर-एलमध्ये (फोर बाय फोरची हळू, ताकदीची रेंज). एक चाक हातानं फिरवा, दुसरं उलटं फिरायला पाहिजे आणि पुढचा शाफ्ट जागचा हलता कामा नये. शाफ्टसुद्धा फिरला तर ट्रान्सफर केस जोडत नाहीये. दुसरं चाक नुसतं गप्प राहिलं तर हबमध्ये गडबड आहे.

ऑइल: दोन्ही डिफरन्शियल, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, चारही ठिकाणचं काढून बघा. दुधाळ चहासारखं आलं तर आत पाणी गेलंय. ड्रेन प्लगच्या चुंबकाला राखेसारखी बारीक भुकटी चालते, कपच्या निघाल्या तर कव्हर उघडा.

२०१५ च्या जुलैतल्या फेसलिफ्टपासून मागच्या ॲक्सलला मेकॅनिकल लॉकर (मागची दोन्ही चाकं एकत्र जोडणारा) येतो, म्हणजे तुमच्या गाडीत असायला पाहिजे. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडला की तो 'खट्ट' करून लागतो. एक चाक फिरतंय म्हणून लोक घाबरून ॲक्सिलरेटर सोडतात, तिथंच चुकतं. हलका, एकसारखा दाब ठेवा, लागू द्या. उलट भरधाव फिरणाऱ्या चाकाला लॉकर लागला तर दाते उडतात. ऑइल मॅन्युअलातल्या ग्रेडचंच टाका, कुणी काहीही मिसळायला सांगितलं तरी.

एवढ्यात तीस-चाळीस हजार सहज जातील. ते गेले म्हणून हळहळू नका.

भीमाकाठ
वरच्या पोस्टला जोडून टायरचं सांगतो. सोलापुरात खरा पैसा तिथंच लावायचा असतो.

हिशोब बघा. २३५/७० आर १६ चा व्यास ७३५ मिमी. २४५/७५ आर १६ चा ७७४ मिमी. म्हणजे ३९ मिमी वाढला, त्यातला निम्मा, साधारण १९ मिमी, ॲक्सलखाली मिळतो. लिफ्टनं बॉडी वर जाते, मागच्या डिफरन्शियलचा भोपळा आहे तिथंच राहतो. सांगोल्याच्या दगडाला भोपळाच घासणार आहे. तो उचलायला टायरशिवाय दुसरा उपाय नाही.

हे माप बहुतेक वेळा लिफ्टशिवाय बसतं. बसवल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडं पूर्ण कापून बघा, आणि एक पुढचं चाक उंच दगडावर चढवून परत कापून बघा. सपाटीवर न घासणारा टायर तिथं घासतो. स्पीडोमीटर पाच टक्के कमी दाखवेल, १०० दिसताना खरे १०५.

पाच घ्या, चार नाही. जुन्या मापाची स्टेपनी पुढच्या ॲक्सलला लावून फोर बाय फोर टाकलं तर दोन चाकं वेगवेगळं अंतर मागतात आणि सगळा ताण डिफरन्शियलवर येतो. अडकलेल्या ठिकाणीच पंक्चर होतं आणि तिथंच फोर बाय फोर लागतं, तेव्हा हा प्रश्न पुस्तकी नाही.

काळीभोर
एमटीच घ्या. चिखलात एटी (सगळ्या रस्त्यांचा टायर) म्हणजे दोन मिनिटांत गुळगुळीत रोलर.

भीमाकाठ
@काळीभोर, लाल मातीत, कोकणात, मान्य. आपल्या काळ्या मातीत एमटीसुद्धा भरतोच. ही माती पाणी पिऊन फुगते आणि रबराला चिकटते. एमटीला ती झटकायला चाक जोरात फिरावं लागतं, आणि चाक जोरात फिरलं की खाली खड्डा. वर डांबरावर एमटी आवाज करणार, ओल्या रस्त्यावर ब्रेक लांब लागणार. मालकांचे महिन्यातले २८ दिवस डांबरावर आहेत.

माती कुठली ते आधी बघा. सांगोल्याकडं वर वीतभर माती आणि खाली मुरूम, तिथं टायर वरचा थर कापून मुरमाला टेकतो, म्हणून अरुंद टायर चांगला. मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या रानात काळी माती खोल, टेकायला काही नाही. तिथं पाऊस पडून गेल्यावर कुठलाच टायर चालत नाही, शेतकऱ्याचा ट्रॅक्टरसुद्धा वाफसा येईपर्यंत बांधावर उभा असतो. आपणही तेच करायचं. मूठभर माती घ्या, दाबून गोळा करा, कमरेच्या उंचीवरनं टाका. फुटून विखुरला तर वाफसा आलाय, गाडी घाला. चपटा होऊन पडला किंवा तळहाताला चिकटून राहिला तर चहा प्या आणि परत फिरा.

एक सोडून दिलं जातं ते म्हणजे चिखल भरायला जागा. टायर आणि फेंडरच्या आतल्या बाजूत चार बोटं अंतर नसेल तर माती तिथं ठासून बसते, ऊन लागलं की विटेसारखी होते आणि चाकाला ब्रेक लागल्यासारखी गाडी ओढते. ब्रेकची होज त्याच मातीत ओढली जाते. घरी आल्यावर नाही, तिथंच पहारीनं उकरून काढा.

काळीभोर
वाफशाचा मुद्दा पटला. पण बाजूची भिंत एमटीची जाड असते, त्याचं काय? वेड्या बाभळीचा काटा एटीच्या कुशीतनं आरपार जातो.

भीमाकाठ
बरोबर बोललात. म्हणून एटी घेताना दहा प्लायच्या बरोबरीचा, लोड रेंज ई लिहिलेला बघा. आणि हवा कमी केली की भिंत बाहेर फुगते, म्हणून बाभळीच्या पाणंदीत हवा फार उतरवू नका.
हवा पीएसआयमध्ये अशी. मुरूम, दगड: १८ ते २०.
भीमेची, सीनेची कोरडी वाळू: १४ ते १६, आणि वळण हळू. १२ च्या खाली गेलात तर बीड (रिमला धरणारी टायरची कड) सुटतो.
बाभळीची पाणंद: २४.
डांबरावर यायच्या आधी परत २८ ते ३०. कमी हवेत हायवेला ८० नं पळवलं तर टायर आतनं भाजतो, आणि मे महिन्यात बाहेरच ४३ डिग्री असतं. हवा सकाळी थंड टायरमध्ये मोजायची.
तळव्यातल्या काट्याला मशरूम किंवा दोरीचा प्लग चालतो. कुशीतल्या भोकाला प्लग म्हणजे फक्त घर गाठण्यापुरता.

पाटा_मिस्त्री
लिफ्टवर बोलायचं म्हणून थांबलो होतो.

या थारला पुढं टॉर्शन बार, मागं पाटे. 'तीन इंच लिफ्ट' म्हणणारे बरेच जण पुढं फक्त बारचा बोल्ट आवळतात. त्यानं गाडी उंच दिसते, चाकाची चाल वाढत नाही. वर जितकी मिळाली तितकी खाली कमी होते. चाक खड्ड्यात लटकायच्या ऐवजी हवेत राहतं, वरचा आर्म स्टॉपला ठोकतो, एक्सलचा कोन वाढून जॉइंटवरचा रबरी बूट फाटतो. बूट फाटला की ग्रीस बाहेर, आपली माती आत, दोन महिन्यांत जॉइंट 'कट कट' करतो.

पुढं २५ मिमी, फार तर ३५. त्यापुढं जायचं तर आर्म, डिफरन्शियल खाली घेणारे स्पेसर, लांब शॉकअप असं सगळं आलं, ते दीड लाखात विसरा.

२५ मिमी नीट करायची रीत:
आधी सपाट फरशीवर, चारही टायरात सारखी हवा, चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत चारही ठिकाणी मोजा आणि लिहून ठेवा. अँकर बोल्टचे बाहेर दिसणारे आटे मोजा, रंगानं खूण करा. मग पुढनं चॅसिसला घोडी (लोखंडी स्टँड) लावून चाकं लटकवा. भार असताना बोल्ट फिरवला तर आटे जातात, आणि तो बोल्ट गेला की अर्धा दिवस गेला. आट्यांवर ग्रीस. दोन्हीकडं दोन-दोन फेरे, जास्त नाही. खाली घ्या, गाडी वीस मीटर पुढं-मागं चालवा, बंपर दाबून सोडा, मग मोजा. न चालवता मोजलं की टायर आत दबलेले असतात आणि माप खोटं येतं. हवी ती उंची येईपर्यंत हेच परत. शेवटी चाक लटकवून बघा: उभ्या उंचीपासून निदान ५० मिमी खाली जायला पाहिजे. आणि अलाइनमेंट केल्याशिवाय पुणे रोडला लागू नका, आठ दिवसांत नवा टायर आतनं खाल्लेला दिसेल.

मागं नुसती लांब शॅकल (पाट्याचं टोक चॅसिसला जोडणारी झुलती पट्टी) घालू नका. दोन इंच लांब शॅकलला गाडी एकच इंच उचलते आणि पिनियनचा कोन बदलतो. मग ६०-७० च्या वेगाला बुडाखाली घुरघुर येते, लोक व्हील बॅलन्सिंग करत बसतात आणि गुन्हेगार शाफ्टचा क्रॉस असतो. पाटे बसले असतील तर नवा संच किंवा एक जास्तीचा पाटा. यू-बोल्ट एकदा काढला की भंगारात. आटे ताणलेले असतात, परत आवळल्यावर धरत नाहीत. नवे बसवून मॅन्युअलच्या टॉर्कनं आवळा, १०० किमीला एकदा, ५०० ला एकदा परत. सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलच्या भोकात बसलंय ना, हे बॅटरीच्या उजेडात बघा. बाहेर राहिलं तर ॲक्सल तिरका, गाडी खेकड्यासारखी चालते.

मागच्या ॲक्सलला जोडलेला ब्रेकचा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असेल तर त्याचा ब्रॅकेट लिफ्टइतकाच हलवा. बॉडी वर गेली की त्या व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, मागचा ब्रेक कमी मिळतो. ब्रेक होज मागची दोन्ही चाकं पूर्ण लटकवून बघा, ताठ झाली तर लांब घाला.

सीनेकाठची
कागदाचं कोणीच बोललं नाही अजून, म्हणून लिहिते.
मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९ च्या जानेवारीतला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, दोन्ही सांगतात की कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही. कलम १८२-ए च्या चौथ्या पोटकलमात प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. लोखंडी बंपर आणि बुल बारवर तर केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं २०१७ च्या डिसेंबरातच राज्यांना कारवाई करायला सांगितलंय. शिवाय त्या लोखंडानं धडकेचा धक्का चुरगळणाऱ्या भागात न जिरता थेट चॅसिसला जातो.
विमा कंपनीला टायरचं माप आणि बसवलेल्या वस्तू लेखी कळवा. मूळ भाग, अगदी जुने शॉकअपसुद्धा, टाकू नका. २०१६ च्या गाडीला पंधरा वर्षांनी फेरनोंदणीला उभं राहायचं आहे.

आणि माळ मोकळा दिसला म्हणून आपला नसतो. नान्नजचा माळ १९७९ पासून माळढोक अभयारण्य आहे. गवतात जमिनीवर अंडी घालणारे पक्षी आहेत, तिथं चाक घालायचं नाही. बाकी ठिकाणी ज्याचा बांध त्याला विचारून.

वायरिंग: ५५ वॅटचे दोन दिवे म्हणजे ११० वॅट, साधारण नऊ अँपिअर. अडीच चौ. मिमी वायर, १५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात, मध्ये रिले. हवेचा कॉम्प्रेसर लायटरच्या सॉकेटला लावू नका, २० च्या वर अँपिअर खातो, थेट बॅटरीला चिमटे. चॅसिसला वेल्डिंग करायच्या आधी बॅटरीची दोन्ही टोकं काढा, नाहीतर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जळतो.

माळरान_१३
ताई, मिस्त्री, भीमाकाठ, सगळ्यांचे आभार. लोखंडी बंपर आणि तीन इंची लिफ्ट रद्द. ओढ्यांसाठी स्नॉर्केल (इंजिनला उंचावरनं हवा देणारी नळी) घ्यावं का? आणि विंच?

पाना_बावीस
स्नॉर्केलच्या आधी ब्रिदर (ॲक्सल, गिअरबॉक्सच्या आतली हवा ये-जा करायचं भोक). ॲक्सल चालून तापलेलं असतं, थंड ओढ्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतनं पाणी ओढून घेते. चारही ब्रिदरना ८ मिमीची डिझेल होज लावून इंजिन खोलीत बॉनेटच्या उंचीला आणा, टोकाला छोटा फिल्टर. दोन हजारांच्या आतलं काम, पण मागच्या ॲक्सलची होज चाक पूर्ण लटकल्यावर ताणत नाही एवढी ढिली ठेवा.

स्नॉर्केल लावलं आणि एअर बॉक्सची झाकणं, ड्रेनचं भोक सील केलं नाही तर तो नुसता दागिना. पाणी चाकाच्या मध्याच्या वर असेल तर आधी चालत जाऊन बघा. सीनेत, भीमेत वाळू उपसलेले खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत, काठी टेकवत जा. ओढ्यात शिरायच्या आधी दहा मिनिटं थांबा, मग फोर-एल, पहिला गिअर, मध्ये क्लच नाही. पाण्यात बंद पडली तर स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. ओढून बाहेर काढा, ग्लो प्लग काढा, मग हातानं फिरवा.

भीमाकाठ
उजनीचं पाणी उन्हाळ्यात मागं सरकलं की जी सपाट जमीन उघडी पडते, ती ओढ्यापेक्षा वाईट. वर भेगाळलेला कोरडा पापुद्रा, खाली ओला गाळ. पहार टोचून बघा. फूटभर सहज गेली आणि ओली वर आली तर पाय मागं घ्या.

पाटा_मिस्त्री
विंचचं गणित: भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट. तुमच्या गाडीला ८,००० ते ९,५०० पौंडांचा लागेल. पूर्ण ओढीला ४०० अँपिअरच्या आसपास घेतो, पुढं पस्तीस-चाळीस किलो वजन वाढतं, आणि टॉर्शन बार परत खाली. वर दोर बांधायला माळावर झाड कुठाय? आपल्याकडं प्रत्येक वस्तीवर ट्रॅक्टर आहे. त्यापेक्षा चॅसिसला पुढं दोन, मागं एक अशा १०.९ ग्रेडच्या बोल्टनी बसवलेल्या रिकव्हरी पॉइंटवर पैसे घाला, ८ टनी पट्टा आणि ४.७५ टनाच्या दोन बो-शॅकल घ्या. ट्रेलरच्या गोळ्याला पट्टा कधीच अडकवू नका, गोळा तुटला तर बंदुकीच्या गोळीसारखा येतो. ट्रॅक्टरवाले उसाच्या ट्रॉलीची साखळी घेऊन येतात. साखळी चालेल, पण ताणून मग हळू ओढायचं, हिसका नाही. आणि आधी फावड्यानं चाकासमोरची माती काढा, निम्मं काम तिथंच होतं.

सीनेकाठची
अजून एक, सोलापुरी दुखणं. दिवाळीनंतर माळावर कुसळं सुटतात आणि रेडिएटरच्या पुढं, एसीच्या कंडेन्सरमध्ये गच्च रुततात. फोर-एलमध्ये वारा नाही, काटा लाल होतो आणि लोक थर्मोस्टॅट बदलतात. ग्रिलच्या मागं मच्छरदाणीची बारीक जाळी बांधा, परत आल्यावर काढून झटका. धुताना इंजिनच्या बाजूनं पुढं, साध्या पाइपानं. प्रेशर वॉशरनं पाकळ्या आडव्या होतात, मग कायमचंच बंद. जाळी मे महिन्यात काढून ठेवा, ती स्वतःही थोडा वारा अडवते. विस्कस फॅन (रेडिएटरचा पंखा) इंजिन बंद असताना हातानं फिरवा: दोन-तीन फेरे गरगर फिरला तर क्लच गेला.

माळरान_१३
काम सुरू केलंय. एटी बसवले, २४५/७५, पाच. बार अजून फिरवला नाही, फक्त मापं घेतली. पुढं डावीकडं ५१२, उजवीकडं ५०३. मागं डावीकडं ५४१, उजवीकडं ५२६. फिटर म्हणतो उजवा बार दोन फेरे आवळून टाकू. आवळू?

पाटा_मिस्त्री
थांबा. मागचा फरक पुढच्यापेक्षा मोठा आहे. मागच्या क्रॉस मेंबरच्या बरोबर मधोमध जॅक लावा आणि पाट्यांवरचा भार सुटेपर्यंत उचला, चाकं जमिनीला टेकलेलीच राहू द्या. आता मागची बाजू एका बिंदूवर आहे, ती पुढच्याला कलवू शकत नाही. पुढची मापं परत घ्या.

माळरान_१३
डावं ५०७, उजवं ५०६.

पाटा_मिस्त्री
मग पुढच्या बोल्टला हात लावू नका. उजवीकडचे मागचे पाटे बसलेत, ड्रायव्हरच्या बाजूचे आधी बसतातच. खोलून मेन पाट्याला सेंटर बोल्टच्या भोकाजवळ तडा आहे का बघा. बदलायचे तर दोन्ही बाजूंचे जोडीनं, बुश आणि चारही यू-बोल्ट नवे. मापं आठ दिवसांनी, पाटे बसल्यावर, परत इथं टाका.

माळरान_१३
तडा आहे. बोटभर लांब, दुसऱ्या पाट्याला. संच सांगून आलो.

काळीभोर
मालक, जुना पाटा भंगारात देऊ नका. चांगली पहार होते त्याची.